गाडी साहेबांना ओळखेना

वजनमापे निरीक्षकांची गाडी पहिल्यांदा अडली ती बरोबर किराणा दुकानांच्या रांगेसमोर, आणि तीही अशा घटकेला, की त्यांनी नुकतेच तीन दुकानदारांचे काटे जप्त करून डिकीत ठेवले होते.

"पुन्हा असं आढळलं तर गय होणार नाही," हे वाक्य खिडकीतून बाहेर टाकून त्यांनी काच वर केली आणि किल्ली फिरवली. आता ताकीद देऊन निघून जाणं यात निघून जाणं हा भाग फार महत्त्वाचा असतो. नुसती ताकीद काय, कुणीही देईल. ती मागे ठेवून माणूस भुर्रकन गेला, तरच तिचा वचक राहतो. गाडीने एक उचकी दिली आणि ती गप्प झाली. निरीक्षकांनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा उचकी. काच खाली करावी तर ताकीद सैल पडणार, म्हणून ते बंद काचेआड घामाघूम होत, समोर कुठेतरी दूर महत्त्वाचं काही दिसतंय अशा नजरेने बघत राहिले. सहाव्या खेपेला तिघांतल्या सर्वांत धिप्पाड दुकानदाराने काचेवर अदबीने टकटक केली.

"साहेब, धक्का मारू का?"

काय करणार? तिघांनी आपलेच काटे पोटात घेऊन बसलेली ती गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. धक्क्याचा तसा काही उपयोग झाला नाही, पण कोपऱ्यावर जरा थांबून किल्ली फिरवली तर गाडी अशी काही सुरू झाली, की जणू मधल्या काळात काही घडलंच नव्हतं. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. चेष्टेने नव्हे, मनापासून. निरीक्षकांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले. हा मेकॅनिक साठीचा, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, आणि गाडीशी बोलण्याआधी माणसाशी बोलणारा. निरीक्षकांनी जुडग्यातून गाडीची किल्ली सोडवून त्याच्या हातात दिली. त्याने ती फिरवली. गाडी सुरू. बंद केली, पुन्हा फिरवली. सुरू. असं अकरा वेळा झालं.

"साहेब, गाडी झकास आहे."

"काल सहा वेळा अडली होती."

"असेल. पण आज नाही ना अडत."

हे वाक्य निरीक्षकांच्या चांगलं ओळखीचं होतं. सव्वीस वर्षं ते दुकानादुकानांतून फिरत होते. त्यांच्यासमोर प्रत्येक काटा बरोबर असायचा आणि ते पाठमोरे झाले की झुकायचा. दुकानदार म्हणायचे, "साहेब, आत्ता बरोबर दाखवतोय ना? मग?" त्या "मग"चा आजवर त्यांना राग यायचा. आज पहिल्यांदाच ते त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे होते, तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जागी. ती जागा फारशी सुखाची नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तिथे आपण खरं बोलत असतो, आणि समोरचा समजूतदारपणे मान हलवत असतो.

त्यानंतर गाडी आठवड्यातून दोनदा, कधी चारदा अडू लागली. निरीक्षक पद्धतशीर माणूस. त्यांनी वही घातली. तारीख, वेळ, हवामान, टाकीत इंधन किती, गाडी चढावर होती की उतारावर, किती प्रयत्नांनी सुरू झाली. सहा आठवड्यांत वहीची अकरा पानं भरली आणि त्यांतून एवढंच सिद्ध झालं, की गाडी ऊन असताना अडते आणि नसतानाही अडते.

वहीची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक खाली आले. त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं, स्वतः मात्र गाडी कधी घेतली नव्हती; त्यामुळे गाड्यांविषयीची त्यांची मतं प्रत्यक्षाने मुळीच बिघडलेली नव्हती. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या दोन रुग्णांच्या मधल्या वेळात हातमोजे घालूनच बाहेर येत आणि बॉनेटमध्ये डोकावत. एकाने बॅटरीची टोकं घासायला सांगितली, एकीने बॅटरीच बदलायला सांगितली. कुणी म्हणालं जंपर केबल जवळ असावी, कुणी म्हणालं पायाने मारायचा पंप असावा. पंपाचा आणि गाडी सुरू होण्याचा काय संबंध, हे विचारायचं निरीक्षकांच्या मनात आलं होतं. पण सांगणारा माणूस इतक्या आपुलकीने सांगत होता की त्यांनी पंपही घेतला. डिकीत आता जप्तीचे काटे ठेवायला जागा उरली नव्हती. एका दुकानदाराला तर त्यांनी तेवढ्याच कारणाने नुसत्या ताकिदीवर सोडून दिलं आणि रात्रभर त्यांना त्याची रुखरुख लागली.

शेवटी ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे काचेचं दार होतं, दाराआड गारवा होता आणि गारव्यात टाय लावलेला एक सल्लागार होता. किल्ली एका पिशवीत घालून आत गेली. दोन तासांनी सल्लागार कागद घेऊन बाहेर आला.

"सर, गाडी आमच्याकडे एकदाही अडली नाही. पण मेमरीत नोंदी सापडल्यात. कधीकधी गाडीला किल्ली ओळखू येत नाही."

"म्हणजे?"

"चोरीपासून संरक्षण असतं सर. ओळखीची किल्ली नसेल तर गाडी समजते की चोर आहे."

"गाडी मला चोर समजते?"

"गाडी नाही सर. सिस्टिम समजते."

निरीक्षकांना यात फारसा दिलासा वाटला नाही. सल्लागाराने उपायही सांगितला. नवी किल्ली घ्यायची. त्यासाठी अर्ज, गाडीचे कागद, ओळखपत्र आणि जुनी किल्ली हरवल्याचं लेखी प्रतिज्ञापत्र.

"पण ती हरवलेली नाही. ही काय."

"हो सर, पण किल्ली हरवली असेल तरच नवी देता येते. तसा नियम आहे. तुम्ही हरवली म्हणून लिहून द्या ना. सगळेच देतात."

"अहो, तुमच्या डोळ्यांदेखत माझ्या हातात आहे ती!"

"मग ती आत ठेवा सर."

सव्वीस वर्षांत निरीक्षकांनी एकाही खोट्या कागदावर सही केली नव्हती. त्यांनी किल्ली पुन्हा जुडग्यात ओवली, कागद घडी न करता टेबलावर ठेवला आणि ताठ मानेने बाहेर पडले. गाडीत बसले. किल्ली फिरवली. उचकी! काचेआडून सल्लागार आणि बाहेरून पहारेकरी असे दोघंही बघत होते. निरीक्षकांनी फोन कानाला लावला आणि पलीकडे नसलेल्या माणसाशी ते पाच मिनिटं गंभीरपणे बोलले. "हं, हं," ते म्हणाले, "नाही, त्याची चौकशी झालीच पाहिजे." सहाव्या मिनिटाला गाडी सुरू झाली.

संध्याकाळी त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. बायको रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. रोज शेकडो नळ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि एकीची चिठ्ठी दुसरीवर गेली तर माणूस दगावेल अशा कामात तिची वीस वर्षं गेली होती. ती चटकन बोलत नसे. तिने वहीची अकरा पानं शांतपणे वाचली आणि वही मिटून म्हणाली, "यात एक रकाना राहिलाय."

"कुठला?"

"गाडी कोण चालवत होतं."

निरीक्षक हसले. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. दर बुधवारी आणि शनिवारी गाडी ती नेत असे. त्या दिवसांची एकही नोंद वहीत नव्हती.

"तुझी किल्ली चांगली असेल. माझी बिघडली असेल," ते म्हणाले.

"मग अदलाबदल करून बघू."

झालं, दुसऱ्या दिवसापासून अदलाबदल सुरू झाली. तिची किल्ली निरीक्षकांनी आपल्या जुडग्यात अडकवली. त्यांची तिने आपल्या पर्समध्ये टाकली. आठवडाभरात निरीक्षकांच्या हातून गाडी तीनदा अडली. बायकोच्या हातून एकदाही नाही, आणि तेही त्यांच्याच त्या बिघडलेल्या किल्लीने. म्हणजे बॅटरी नाही, किल्ली नाही, हवामान नाही. उरलं काय? निरीक्षकांनी आपल्या हाताने, अगदी शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध केलं होतं, की बिघाड त्यांच्यातच आहे.

असा निष्कर्ष पचवणं कुणालाही जडच. लोक मात्र खूश झाले, कारण आता सल्ला गाडीला द्यायचा नव्हता, माणसाला द्यायचा होता, आणि त्यात कुणालाही विषयाचं ज्ञान लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही किल्ली फार आवळून धरता. माझ्या खुर्चीत बसलेली माणसं हात असेच आवळतात. खांदे सैल सोडा, आ करा... नाही, आ नको, नुसता श्वास घ्या." प्राध्यापकांचं म्हणणं पडलं, की निरीक्षकांच्या अंगात स्थिर वीज जास्त साठते आणि तिने किल्लीचं काम बिघडतं, गाडीत बसण्याआधी त्यांनी जमिनीत पुरलेल्या लोखंडाला दोन्ही हात लावून ती उतरवावी. निरीक्षक रोज सकाळी इमारतीच्या फाटकाला दोन्ही तळवे टेकवून डोळे मिटून दहा आकडे मोजू लागले. वॉचमनला वाटलं, साहेब गंज तपासतायत. त्याने आठवडाभर ते पाहिलं, आणि एका पहाटे सबंध फाटकाला रंग देऊन टाकला. त्या दिवशी निरीक्षक हिरव्या तळव्यांनी कचेरीत गेले.

मग बायकोच त्यांना कामावर सोडायला येऊ लागली. ती मुकाट्याने चालवायची, ते शेजारी मुकाट्याने बसायचे. पण बाजारात ही गोष्ट पोचलीच. "साहेबांना घरून सोडायला येतात," असं त्यांनी पाठीमागे एकदा ऐकलं. ज्या माणसाला पाहून पारडी आपोआप समेवर येत, त्याला आता लोक शाळेतल्या मुलासारखं गाडीतून उतरताना बघत होते. निरीक्षकांना रात्री झोप लागेनाशी झाली. गाडीचं काय, मेली गाडीच ती. पण सगळ्यांना ओळखते आणि मला तेवढी ओळखत नाही, यात त्यांना कुठेतरी अपमानाहून खोल असं काही टोचत होतं. आपण खरंच असे आहोत का, की जवळ गेलं की समोरचं यंत्रसुद्धा बंद पडावं? हा प्रश्न त्यांनी वहीत लिहिला नाही. पण तो दिवसभर त्यांच्याबरोबर असे.

शेवटी वाट सापडली ती त्यांच्याच कामातून. एका खिळेविक्याचा काटा त्यांच्यासमोर नेहमी बरोबर असे, तक्रारी मात्र थांबत नव्हत्या. अशा वेळी निरीक्षक काय करतात? ते स्वतः जात नाहीत. साध्या कपड्यांत दुसऱ्या कुणाला तरी गिऱ्हाईक म्हणून पाठवतात. त्या दिवशी तो खिळेविक्या रंगेहाथ सापडला, आणि पंचनाम्यावर सही करता करता निरीक्षकांचं पेन थांबलं. आपण आजवर गाडी 'दाखवायला' नेत होतो! चूक तिथेच होती.

ते तडक मेकॅनिककडे गेले. "तुम्ही अचानक तपासणीला या," ते म्हणाले.

"कधी येऊ?"

"ते मला सांगायचं नाही."

मेकॅनिकने चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून निरीक्षक गाडी पुन्हा स्वतःच नेऊ लागले. गुरुवारी सकाळी पावणेनऊला ते खाली उतरले, तर धुतलेला शर्ट घालून मेकॅनिक फाटकाशी उभा. तो गाडीत त्यांच्या शेजारी येऊन बसला. "रोज करता तसंच करा," तो म्हणाला. "काही जास्त नाही, काही कमी नाही." निरीक्षकांनी श्वास घेतला, खांदे सैल सोडले, किल्ली घातली आणि फिरवली.

उचकी.

मेकॅनिकने गाडीकडे पाहिलंच नाही. तो त्यांच्या हाताकडे बघत होता. "साहेब, हा एवढा जुडगा नेहमी असाच लोंबत असतो?"

"हो. घराच्या, कपाटाच्या, कचेरीतल्या पेटीच्या..."

"मग मला देताना एकटी किल्ली कशी येते?"

निरीक्षकांनी घसा साफ केला. "म्हणजे, घराच्या किल्ल्या कुणाच्या हातात देऊ नयेत, असा आपला एक नियम..."

"म्हणजे मी चोर."

"छे छे, तसं नव्हे..."

"असू दे, असू दे," मेकॅनिक म्हणाला. त्याला राग आलेला दिसला नाही. त्याने जुडगा हातात घेतला आणि एकेक किल्ली बाजूला सारत एका जाड, काळ्या डोक्याच्या किल्लीशी थांबला. "ही कुठल्या गाडीची?"

निरीक्षक खिडकीबाहेर बघू लागले.

"या गाडीची नाही. पण गाडीचीच आहे. हिच्या डोक्यात चिप असते. तुमच्या किल्लीतही आहे. आपण किल्ली फिरवली की गाडी विचारते, कोण आहे? किल्ली आपलं नाव सांगते. आता ही दुसरी जर जवळच असेल, तर तीही आपलं नाव सांगते. दोघी एकदम बोलल्या की गाडीला कुणाचंच ऐकू येत नाही. ही खाली लोंबत राहिली तर काम होतं. वर चढून चिकटली की झालं." त्याने ती किल्ली जुडग्यातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "आता फिरवा."

गाडी सुरू झाली. बंद केली. पुन्हा सुरू झाली. निरीक्षकांनी ती वीस वेळा सुरू करून पाहिली. वर तिसऱ्या मजल्यावर प्राध्यापक खिडकीत आले होते, त्यांना हात करावा हेही निरीक्षकांना सुचलं नाही.

"कधीपासून आहे ही जुडग्यात?" उतरता उतरता मेकॅनिकने विचारलं.

"अडीच महिने," निरीक्षक म्हणाले. वही त्यांना पाठ होती. पहिल्या नोंदीलाही अडीच महिनेच झाले होते.

संध्याकाळी बायकोने विचारायच्या आतच त्यांनी ती किल्ली टेबलावर ठेवली.

"कुणाची आहे?" तिने विचारलं.

"धाकट्याची."

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. शाळेत खेळांचा शिक्षक. आयुष्यभर त्याने शिट्ट्या हरवल्या, छत्र्या हरवल्या, एकदा तर मुलांची आख्खी कबड्डीची टीम स्टेशनवर हरवून आला होता. नवी गाडी घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने दुसरी किल्ली निरीक्षकांच्या हातात ठेवली होती. "दादा, ही तुझ्याकडे असू दे. माझ्याकडे काही राहायचं नाही." ती चार वर्षं निरीक्षकांच्या खणात एका पाकिटात होती. पाकिटावर तारीख घातलेली होती.

सात महिन्यांपूर्वी धाकट्याकडे चारसहा माणसं जेवायला होती. ओट्यावर त्याच्या बायकोने हौसेने आणलेला नवा छोटा काटा होता. निरीक्षकांनी सवयीने खिशातलं वजन त्यावर ठेवून पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हा चौदा ग्रॅम जास्त दाखवतो. धाकट्याच्या बायकोचा चेहरा उतरला. धाकटा म्हणाला, "दादा, माझ्या घरी पाहुणा म्हणून ये. तपासणीला येऊ नकोस." बोलला तो हसतच. पण निरीक्षकांनी पानावरून उठून हात धुतले, आणि त्यानंतर ते त्या घरी गेले नाहीत. धाकट्यानेही फोन केला नाही. अडीच महिन्यांपूर्वी खण आवरताना पाकीट हाती लागलं. नातंच नाही तर किल्ली कशाला, देऊन टाकू, असं म्हणून त्यांनी ती जुडग्यात अडकवली, विसरायला नको म्हणून. धाकट्याची शाळा त्यांच्या रोजच्या वाटेवर होती. रोज सकाळी ते फाटकापाशी गाडीचा वेग कमी करत, आणि रोज पुढे जात.

हे सगळं ते टेबलाकडे बघत बोलले. बायको ऐकत होती. मग तिने कपाळाला हात लावला.

"अहो, भावोजींची गाडी पाच महिने झाले जागची हललेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! किल्ली हरवली त्यांची. जाऊबाई दर रविवारी फोनवर सांगतात. बसने जातात भावोजी शाळेत. गुडघा धरून उभे असतात बसमध्ये. दुसरी किल्ली कुठे आहे विचारलं तर म्हणतात, तीही सापडत नाही."

"सापडत नाही? त्याला पक्कं माहीत आहे ती कुठे..." निरीक्षकांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"मला कुठे माहीत होतं तुमच्याकडे आहे ते!" ती म्हणाली. "त्यांनी त्यांच्या बायकोला सांगितलं नाही, तुम्ही मला सांगितलं नाही. आम्ही दोघी आपल्या पाच महिने सोफ्याखाली बघतोय."

निरीक्षकांच्या डोळ्यांसमोर धाकटा उभा राहिला. बसमध्ये, दांडा धरून, दुखऱ्या गुडघ्यावर. एक फोन केला असता तर मिळाली असती किल्ली. आणि आपण? आपण नुसतं वळण घेतलं असतं तरी... त्यांना हसू आलं. दोन भावांच्या दोन गाड्या एकाच किल्लीने अडवून ठेवल्या होत्या, आणि बाजारात त्यांना लोक काटेकोर म्हणत होते.

रविवारी सकाळी ते दोघं धाकट्याच्या दारात उभे राहिले. घंटा वाजवायला निरीक्षकांना जरा वेळ लागला. दार धाकट्यानेच उघडलं. तो वाळला होता. मागून त्याची बायको येऊन उभी राहिली. निरीक्षकांनी नुसती किल्ली पुढे केली.

धाकट्याने ती पाहिली. मग आधी बायकोकडे, मग दादाकडे पाहिलं.

"अरेच्चा!" तो मोठ्याने म्हणाला. "तुझ्याकडे होती होय? मी घरभर शोधली!"

इतकं उघड खोटं माप निरीक्षकांसमोर कुणी सव्वीस वर्षांत ठेवलं नव्हतं. त्याचा आवाज खोटा होता, डोळे खोटे होते, कपाळावरची आठीसुद्धा खोटी होती. त्याच्या मागे त्याची बायको निरीक्षकांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"पाकिटात होती," निरीक्षक म्हणाले. "माझ्याही ध्यानात नव्हतं. परवा दिसली."

"या ना भावोजी, आत या," धाकट्याची बायको म्हणाली.

"आधी गाडी बघू," निरीक्षक म्हणाले, कारण आत ओटा होता आणि ओट्याकडे बघायची त्यांची अजून तयारी नव्हती.

गाडी इमारतीच्या मागे झाडाखाली उभी होती. पाच महिन्यांची पानं आणि धूळ तिच्यावर बसली होती. पुढच्या काचेवर कुणा मुलाने बोटाने बदक काढलं होतं. दोन चाकांत हवा नव्हती. निरीक्षकांनी डिकीतून पंप काढला. दोघांनी आळीपाळीने पाय मारले, आणि धाकट्याच्या गुडघ्याकडे बघून निरीक्षकांनी आपली पाळी दोनदा घेतली. बॅटरी अर्थातच मेलेली होती. मग निरीक्षकांनी आपली गाडी तिच्या नाकासमोर आणून उभी केली, केबल काढली, तांबडं टोक तांबड्याला लावलं, काळं बॉनेटखालच्या लोखंडाला.

"हं, फिरव."

धाकट्याने किल्ली फिरवली. गाडीने बराच वेळ विचार केला, खोकली, थरथरली, आणि मागून काळा धूर सोडत सुरू झाली. वर गच्चीतून दोघी जावा वाकून बघत होत्या. त्यांच्यापैकी कुणीतरी काहीतरी ओरडलं, पण खाली ऐकू आलं नाही.

"आता बंद करू नकोस," निरीक्षक केबल सोडवत म्हणाले. "किमान अर्धा तास चालली पाहिजे. नाहीतर पुन्हा बसेल."

"मग चल की. एकटा काय फिरू?"

निरीक्षक शेजारी बसले. आतमध्ये बंद गाडीचा कोंदट वास होता. पायाशी दोन शिट्ट्या आणि एक फुटबॉल होता. पहिली दहा मिनिटं दोघं फक्त रस्त्याविषयीच बोलले. इकडून सिग्नल झालाय, तिकडचं दुकान बंद झालं. मग धाकट्याने बसमधली एक गंमत सांगितली. एक कंडक्टर त्याचा जुना विद्यार्थी निघाला, आणि रोज त्याला जागा करून देताना सगळ्या बसला सांगायचा, की या सरांनी मला चार वर्षं मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, बसू द्या त्यांना. निरीक्षक हसले. मग त्यांनी फाटकाची गोष्ट सांगितली, हिरव्या तळव्यांची. धाकट्याला हसता हसता गाडी कडेला घ्यावी लागली. "बंद करू नकोस हं," निरीक्षक घाईने म्हणाले. "नाही रे बाबा," धाकटा डोळे पुसत म्हणाला, आणि हँडब्रेक ओढून तसाच बसून राहिला.

जरा वेळाने तो समोर बघत म्हणाला, "तेव्हा मी बोललो ना, पाहुण्यांसमोर... ते बोलायला नको होतं."

"मीही वजन खिशात घेऊन जायला नको होतं," निरीक्षक म्हणाले.

धाकट्याने हँडब्रेक सोडला. त्यांनी तलावाला वळसा घातला, जुन्या शाळेवरून गेले, पुन्हा इमारतीजवळ आले. गच्चीत अजूनही दोघी उभ्या होत्या. धाकट्याने वेग कमी केला.

"झाला का रे अर्धा तास?"

निरीक्षकांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पन्नास मिनिटं झाली होती.

"नाही," ते म्हणाले. "अजून थोडा राहिलाय."